आर्क्टिक एमएक्स-४ थर्मल पेस्ट: जुन्या आय फाइव्हवर, अकोल्याच्या उन्हाळ्यात

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. तुमचा डेस्कटॉप दहा-बारा वर्षं जुना असेल, प्रोसेसरचं टेंपरेचर नव्वदच्या वर जात असेल आणि कोणी नवीन मशीन घ्या म्हणून मागे लागलं असेल तर जरा थांबा, चार ग्रॅमची एमएक्स-४ थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्याला थंड करणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) एक ट्यूब मागवा, एक दुपार मोकळी काढा आणि कॅबिनेट उघडा. पाचशेच्या आसपास मिळते, भाव खालीवर होत असतो. या पैशात जुन्या मशीनसाठी याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही मी तरी घेतलेलं नाही.

आता कोणत्या मशीनवर लावली ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. भाऊजींचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, सीझनमध्ये व्हिडिओचं रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं. मशीन इंटेलचं आय फाइव्ह ४५९०, म्हणजे २०१४ चा हॅसवेल पिढीतला प्रोसेसर, चार कोअर, ८४ वॅट, सोबत सोळा जीबी डीडीआर३ रॅम आणि जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड, मागे एकदा एसएसडी टाकला तेव्हापासून फोटोशॉप अजूनही व्यवस्थित पळतं. पण एप्रिल लागला की रेंडर लावल्यावर पंखा विमानासारखा ओरडायचा, मग मशीन एकदम मंद, आणि मे महिन्यात तर रेंडर अर्ध्यावर असताना सरळ बंद. एका दुकानात नेलं तर त्यांनी फॉरमॅट मारून दिलं, आठ दिवसांनी परत तेच, मग म्हणाले मदरबोर्ड गेलाय, आता याच्यात पैसे घालू नका. भाऊजी म्हणाले, "बघ बा, तुला काही जमते का, नाहीतर दिवाळीला नवीन घेऊन टाकू." मशीन असं टाकून द्यायचं हे मला पटत नाही, विशेषतः ज्याच्यावर एका माणसाचा धंदा चालतोय आणि जे मुळात बिघडलेलंच नाही.

पहिली गोष्ट मोजायची. टेंपरेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कोअर टेंप पण चालतं, लिनक्सवाल्यांना एलएम-सेन्सर्स आहे. नुसतं टेंपरेचर बघू नका, शेजारी क्लॉक स्पीड, म्हणजे चिप किती वेगाने चालतेय, ते पण बघा. या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप चिपची वरची मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि त्याच्याही बरीच वर गेली तर मशीन बंद पाडते. भाऊजींच्या मशीनवर काहीच चालू नसताना ५६-५८, आणि रेंडर लावला की ९८, ९९, १००, आणि साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारी चिप अडीचवर उतरलेली. म्हणजे "मशीन म्हातारं झालं म्हणून स्लो झालं" असं जे सगळे म्हणत होते ते वयामुळे नव्हतंच, उष्णतेमुळे होतं. वेग होता, तो वापरता येत नव्हता एवढंच.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला वाटतं पेस्ट विकत घ्यायच्या आधी प्रत्येकाने करावी. टेंपरेचर किती आहे यापेक्षा ते कसं चढतं हे बघा. रेंडर किंवा सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) सुरू केला आणि दोन-तीन सेकंदांत पन्नासवरून थेट नव्वदच्या घरात उडी मारली, तर चिप आणि हीटसिंकमधला संपर्कच नीट नाही, पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंकची एखादी पिन सैल झालीय. उलट आधी सत्तर, मग पाच मिनिटांनी ऐंशी, पंधरा मिनिटांनी पंच्याण्णव असं हळूहळू चढत गेलं तर पेस्टपेक्षा हवेचा प्रश्न आहे, धूळ, बंद पडलेला मागचा पंखा, कोंडलेलं कॅबिनेट. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तोच रेंडर परत लावा, आठ-दहा अंश उतरलं तर हवा, ढिम्म हललं नाही तर पेस्ट. आमच्याकडे दोन्ही होतं. उडीपण मारत होतं आणि पत्रा काढल्यावर थोडं उतरतपण होतं.

पेस्ट वाळते म्हणजे काय होतं ते थोडं सांगतो कारण दुकानात कोणी सांगत नाही. चिपवरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दिसायला गुळगुळीत असले तरी दोघांवर बारीक खाचा असतात, त्यात हवा अडकते आणि हवा उष्णता फारच वाईट वाहून नेते. ती हवा हाकलायला मध्ये पेस्ट. मशीन रोज तापतं, रोज थंड होतं, दोन्ही पृष्ठभाग कणभर पसरतात आणि आकसतात, त्याने पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते, त्यातलं तेल पण सुटतं. दहा वर्षांनी मध्ये जे उरतं ते खडूसारखं. मी हीटसिंक काढला तेव्हा झाकणाच्या मधोमध पेस्ट जवळजवळ नव्हतीच, कडेला राखाडी पापुद्रा, नखाने उचलला तर तुकडा निघाला. चिप नेमकी त्या मधल्या भागाखाली असते, म्हणजे जिथे पेस्ट हवी तिथेच नाही.

पण पेस्टच्या आधी धूळ. इंटेलचा जो गोल हीटसिंक असतो त्याचा पंखा वर आणि ॲल्युमिनियमच्या पात्या खाली, वरून बघितलं तर ठीक दिसतो, पंखा उचलला की खाली धुळीची अक्षरशः नमद्यासारखी गादी. हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. ब्लोअर मारा पण मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोरावर पंखा गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं आणि उलटा करंट बोर्डात जायची पण शक्यता असते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्टॅटिकचा धोका. रंगकामाचा साधा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरे. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून पण हवा मारा, जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो, प्रोसेसरच्या डोक्यावरच, आणि तो तिथलीच गरम हवा ओढत असतो, तो तुंबला की सगळंच तुंबतं. हे सगळं वीज काढून, केबल ओढून, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवून मगच. आणि अंगणात करा, घरात नको, त्या धुळीने दिवसभर शिंका येतात.

मुद्दाम पेस्ट न बदलता आधी फक्त धूळ काढून परत रेंडर लावला, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळावं. शंभरचं ९१ झालं. खोलीत तेव्हा ३५-३६ होतं.

मग पेस्ट. हीटसिंक काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करून घ्या, वाळलेली पेस्ट थोडी मऊ पडते. इंटेलवाल्याला फार काळजी नाही कारण चिप सॉकेटच्या लोखंडी चौकटीने धरलेली असते, पण एएम४ सॉकेटचा (ज्यात पिना प्रोसेसरलाच असतात) एएमडी असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका, हळूहळू डावीउजवीकडे फिरवून सोडवा, नाहीतर प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात, मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बाटली मिळते. थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर असलं काही नको. कापूस नको, धागे राहतात, जुन्या मऊ बनियनचा तुकडा किंवा चष्मा पुसायचा कपडा चालतो. झाकणावरची इंटेलची अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत आणि हीटसिंकचा तळ चकचकीत दिसला पाहिजे, तोपर्यंत पुसा.

आता एमएक्स-४ बद्दल. आर्क्टिक ही मुळात स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेली कंपनी, ही पेस्ट २०१० पासून बाजारात आहे. नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगतो, आर्क्टिक सिल्व्हर ही वेगळी, अमेरिकेची कंपनी, तिची आर्क्टिक सिल्व्हर ५ पेस्ट पण जुनी आणि प्रसिद्ध आहे पण ती पूर्ण बसायला कंपनीच २०० तास सांगते. एमएक्स-४ ला असं काही नाही, लावली की पहिल्या तासापासून जे टेंपरेचर मिळायचं ते मिळतं. मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे ती वीज वाहून नेत नाही, धातूऐवजी कार्बनचे बारीक कण आहेत, त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाच्या हातून थोडी कडेला सांडली तरी शॉर्टसर्किटची भीती नाही, पुसून टाका झालं. घट्टपणा बरोबर मधला, सिरिंजमधून सहज येते पण ओघळत नाही. झाकणाच्या मधोमध छोट्या वाटाण्याएवढा गोळा ठेवायचा आणि हीटसिंक सरळ वरून बसवायचा, दाबाने आपोआप पसरते. बोटाने किंवा कार्डाने पसरवत बसायची या आकाराच्या चिपला गरज नाही, पसरवताना हवेचे बुडबुडे अडकतात. आणि जास्त लावली म्हणजे जास्त थंड असं मुळीच नाही, जाड थर उष्णता अडवतोच.

कंपनी उष्णतावाहकता ८.५ वॅट प्रति मीटर केल्विन सांगते. दुकानात रिपेअरवाले जी स्वस्त राखाडी सिरिंज वापरतात, एचवाय५१० वगैरे, तिच्यावर १.९३ लिहिलेलं असतं. हे आकडे कंपन्या आपापल्या पद्धतीने काढतात, त्यामुळे चारपट आकडा म्हणजे चारपट थंड असं होत नाही, प्रत्यक्षात चांगल्या आणि स्वस्त पेस्टमध्ये काही अंशांचाच फरक येतो. मग जास्त पैसे का द्यायचे? तर टिकण्यासाठी. स्वस्त पेस्ट पहिल्या दिवशी ठीक वाटते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दोन वर्षांत परत कोरडी पडते आणि आपण परत तिथेच. एमएक्स-४ ला कंपनी आठ वर्षं टिकेल म्हणते, तेवढी टिकेलच असं मी लिहून देणार नाही, पण माझ्या स्वतःच्या मशीनवर लावलेली काही वर्षांनी उघडून बघितली तेव्हा ओलसर होती, पुसली गेली, खरवडावी लागली नाही. तेवढ्यावर माझं समाधान आहे.

हीटसिंक बसवताना त्या चार प्लास्टिकच्या पिना, तिथे घाई करू नका. काढताना प्रत्येक पिनेचं डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायचं असतं, परत बसवायच्या आधी ती उलटी फिरवून मूळ जागी आणायची, आणि मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायची, एक कोपरा मग त्याच्या तिरका कोपरा, टक असा आवाज आला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्डाच्या मागून टॉर्च मारून बघा, चारही ठिकाणी काळी पिन पांढऱ्या पाकळ्यांमधून पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असली तर हीटसिंक एका कोपऱ्यात तरंगतो आणि जगातली सर्वात महाग पेस्टपण काही करू शकत नाही. प्लास्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं, पिन तुटली तर सुट्या पिनांचा संच स्वस्तात मिळतो, हीटसिंक टाकू नका. कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल (तारीख-वेळ जपणारा) पण बदलून टाका, दहा वर्षांच्या बोर्डात तो कधीही जाणार.

निकाल असा की तोच रेंडर, तीच खोली, ९१ चं ७७ झालं, रिकाम्या मशीनवर ४३-४४, आणि क्लॉक साडेतीनवरून हलला नाही. रेंडरचा वेळ परत पूर्वीसारखा झाला. पंख्याचा आवाज इतका उतरला की भाऊजींनी आधी विचारलं पंखा चालू आहे ना. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना पण मशीन बंद पडलं नाही, ८४-८५ पर्यंत गेलं, तेवढं चालतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यूट्यूबवरचे आकडे बघून लोक निराश होतात. हीटसिंक चिपला खोलीच्या खाली कधीच नेऊ शकत नाही, तो फक्त खोलीपेक्षा किती वर हे ठरवतो. परदेशातला माणूस बावीस अंशांच्या खोलीत टेस्ट करून ६२ दाखवतो, तेच मशीन आपल्या ३८ च्या खोलीत ७८ दाखवणार आणि ते अगदी बरोबर आहे. त्यामुळे आधीचं-नंतरचं तुलना करताना खोलीचं टेंपरेचर सोबत लिहून ठेवा, सकाळी आधीचं आणि भर दुपारी नंतरचं मोजलं तर पेस्टला उगाच नापास कराल.

आणि हॅसवेलकडून एका मर्यादेपलीकडे अपेक्षा ठेवू नका. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं, त्यानंतरच्या आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलमध्ये इंटेलने तिथे पण पेस्टच वापरली, झाकणाच्या आतली ती पेस्ट पण आता दहा वर्षं जुनी आहे आणि झाकण फोडल्याशिवाय ती बदलता येत नाही. ते घरी करू नका, धंद्याच्या मशीनवर तर अजिबात नको.

लोक विचारतात मोठा टॉवर कूलर, म्हणजे उंच हीटसिंकला आडवा वारा मारणारा पंखा, का नाही घेतला, हायपर २१२ वगैरे. चांगली वस्तू आहे, चार हीटपाइप, १२० एमएमचा पंखा, आणखी दहा-बारा अंश आरामात उतरले असते आणि आवाज आणखी कमी झाला असता. पण ८४ वॅटच्या, ओव्हरक्लॉक न होणाऱ्या (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता न येणाऱ्या) चिपला त्याची निकड नाही, आणि दुसरं म्हणजे मावत नाही. २१२ इव्होची उंची १५९ एमएम आहे, आपल्याकडच्या जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये बोर्डापासून पत्र्यापर्यंत तेवढी जागा नसते, आधी पट्टी घालून मोजा मग ऑर्डर करा. शिवाय इंटेलचा पंखा खाली बोर्डावर वारा मारतो त्याने आजूबाजूचे पॉवरचे भाग पण थंड राहतात, टॉवरचा वारा आडवा जातो, म्हणून टॉवर लावला तर मागचा कॅबिनेट फॅन चालू हवाच. तुमच्याकडे आय सेव्हन ४७९०के असेल आणि दिवसभर रेंडर चालत असेल तर मात्र टॉवर घ्याच, तिथे नुसत्या पेस्टवर भागणार नाही.

फुकटातले दोन उपाय पण केले. एक म्हणजे मशीन त्या लाकडी कॉम्प्युटर टेबलच्या खणातून बाहेर काढलं. हे टेबल कोणी बनवले माहीत नाही, तीन बाजूंनी बंद, मागे भिंत, आत गरम हवा फिरून फिरून तीच परत ओढली जाते. बाहेर काढून वीतभर उंच स्टँडवर ठेवलं, झाडू मारताना उडणारी धूळ पण कमी जाते. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, खोली थंड होते ते चांगलंच आहे पण तुषार आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर बसायला नको. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे गरजेला चिप घेते तो जास्तीचा वेग, बंद होतो, वेग थोडा कमी पण टेंपरेचर झटकन उतरतं. रोज नको, पण वैशाखात दुपारी वीज आणि कूलर दोन्ही धड नसताना रेंडर संपवायचाच असेल तर कामाला येतं.

खरेदी करताना विक्रेता बघून घ्या. एमएक्स-४ च्या नकली ट्यूब बाजारात भरपूर आहेत, मूळ किमतीच्या निम्म्यात मिळाली तर घेऊ नका, आर्क्टिकच्या साइटवर खरी-खोटी तपासायची सोय आहे ती वापरा. नंतर आलेली एमएक्स-६ थोडी जास्त घट्ट आहे आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार जास्त चांगली, दोन्हींच्या किमतीत फार फरक नसेल तर तीच घ्या, पण आय फाइव्ह ४५९० सारख्या चिपवर डोळ्यांना दिसेल असा फरक मला अपेक्षित नाही आणि सिरिंज पहिल्यांदा हातात धरणाऱ्याला एमएक्स-४ सोपी जाते. चार ग्रॅममध्ये बऱ्याच प्रोसेसरचं काम होतं, मी उरलेली त्याच दिवशी ७५० टीआय कार्डावर पण लावली. टोपी घट्ट लावून सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही.

राहिला प्रश्न की एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करावा का, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. माझं मत, पाचशे रुपये जरूर करावा, पाच हजार करू नये. स्टुडिओचं मशीन आता फक्त फोटोशॉप आणि रेंडरला आहे, बँकेचे व्यवहार आणि मेल भाऊजी दुसऱ्या लॅपटॉपवर करतात, आणि घरगुती वापराचं मशीन असेल तर लिनक्स मिंट टाकून अजून काही वर्षं छान चालेल.

पेस्टला पाचपैकी पाच. ट्यूबसोबत पुसायला अल्कोहोलचा एखादा रुमाल दिला असता तर नवख्या माणसाला आयपीए शोधत फिरावं लागलं नसतं, पण तेवढ्यासाठी मार्क कापत नाही. लावल्यानंतर टेंपरेचर आठ-दहा अंशांनीसुद्धा उतरलं नाही तर पेस्टला दोष देण्याआधी मागून टॉर्च मारून त्या चार पिना परत एकदा बघा.